कार्यस्मृतीचा सराव: तयारी, टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कार्यस्मृती, म्हणजे वर्किंग मेमरी, सुधारण्यासाठी महिनाभर आकड्यांच्या याद्या म्हटल्या, यादीची लांबीही वाढली, पण बोलता बोलता मुद्दा निसटतो तो निसटतोच, अशी तक्रार सतत कानावर येते. अशा सरावात मेहनत कमी पडलेली नसते, सरावाची निवड आणि क्रम चुकलेला असतो. कार्यस्मृती माहिती काही सेकंद धरून ठेवते आणि ती धरलेली असतानाच तिच्यावर काम करते: तोंडी बेरजेत हातचा सांभाळून पुढचे अंक मिळवणे, लांब वाक्याचे क्रियापद येईपर्यंत कर्ता लक्षात ठेवणे, समोरच्याचे ऐकत असताना आपल्याला विचारायचा प्रश्न हरवू न देणे. नुसत्या याद्या म्हणण्याने यातल्या पहिल्या अर्ध्या कामाचा सराव होतो आणि दुसरा अर्धा भाग, जो खरा अडतो, तो हात न लागता राहतो.

सरावाकडून काय अपेक्षा ठेवावी हेही आधी ठरलेले बरे. दुहेरी एन-बॅक या व्यायामाने (ऐकलेले अक्षर आणि दिसलेली जागा ठरावीक पावले आधीच्याशी जुळते का, हे एकदम सांगायचा व्यायाम) बुद्धिमत्तेच्या चाचणीतले गुण वाढतात, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि या व्यायामांचा गाजावाजा झाला. पुढे २०१३ मध्ये अधिक काटेकोर तुलना-गट घेऊन केलेल्या प्रयोगात तो परिणाम दिसला नाही, आणि त्याच वर्षी अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातूनही असेच चित्र पुढे आले की ज्या प्रकारचा सराव करावा त्याच्या जवळच्या कामात सुधारणा होते, दूरच्या कामात ती आपोआप पोहोचत नाही. म्हणून पुढे दिलेल्या क्रमाचा शेवटचा टप्पा स्वतःच्या रोजच्या कामाचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. वेळ नाही म्हणून काही गाळायचेच असेल, तर मधला एखादा टप्पा गाळावा, शेवटचा गाळू नये.

## तयारी

रोज १५ ते २० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे हा हिशेब धरावा. एकाच दिवशी तासभर बसून भरपाई करू नये, कारण थकल्यावर चुका वाढतात आणि त्या चुकांवरून पातळी खाली आणली की पुढच्या दिवसाचा हिशेबही बिघडतो. वेळ शक्यतो रोज एकच असावी, फोन दुसऱ्या खोलीत असावा, आणि रात्री झोप अपुरी झाली असेल तर त्या दिवशी हलका सराव करावा, मोजमाप मात्र घेऊ नये.

साहित्य साधे आहे: एक वही, १ ते ९ अंक लिहिलेल्या नऊ चिठ्ठ्या, सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि याद्या वाचून दाखवणारा एक सोबती. सोबती नसेल तर चिठ्ठ्या उचलून येतील त्या क्रमाने तीस-चाळीस याद्या एका बैठकीत फोनवर रेकॉर्ड कराव्यात आणि दोन-तीन दिवसांनी वापराव्यात, म्हणजे त्या लक्षात राहिलेल्या नसतात. स्वतःच्या मनाने अंक सुचवू नयेत. माणूस नकळत ओळखीचे क्रमांक, जन्मवर्षे किंवा चढत्या क्रमाचे तुकडे रचतो आणि यादी सोपी होऊन बसते.

वाचण्याची पद्धत बारकाईने पाळावी, कारण बहुतेकांचा सराव इथेच फसतो. एका सेकंदाला एक अंक, सपाट आवाजात, मध्ये कुठेही जास्त न थांबता. 'सात-दोन… नऊ-चार' असे जोडीजोडीने वाचले तर वाचणाऱ्यानेच यादीचे गट पाडून दिले असे होते. अंक नेहमी सुटे वाचावेत. चार आणि सात हे अंक 'सत्तेचाळीस' असे वाचले तर दोन अंक एका शब्दात बसतात, शिवाय ऐकताना सात आधी येतो आणि लिहिताना चार आधी, त्यामुळे उलट क्रमाच्या व्यायामात विनाकारण गोंधळ होतो. अक्षरे वापरायची असतील तर क, ख, ग, घ किंवा त, थ, द, ध अशी एका वर्गातली एकत्र घेऊ नयेत, कारण कानाला सारखी लागणारी अक्षरे मनात एकमेकांत मिसळतात आणि चूक स्मृतीची की उच्चाराची ते कळत नाही. क, च, ट, म, र, स, ह असा संच चांगला चालतो.

आधी डॉक्टरांकडे: स्मरणशक्ती काही आठवड्यांत अचानक ढासळली असेल, ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, किंवा नवे औषध सुरू झाल्यापासून डोके जड राहत असेल, तर सराव बाजूला ठेवून तपासणी करून घ्यावी. सततची चिंता आणि निद्रानाश हेही कार्यस्मृतीची जागा अडवतात. ते कारण असेल तर आधी त्याच्यावर उपाय व्हायला हवा.

## टप्पा १: सुरुवातीचे मोजमाप

मोजमाप न घेता सुरुवात केली तर सहा आठवड्यांनी हातात फक्त 'बरे वाटते' एवढेच उरते. तीन मापे घ्यावीत.

पहिले, सरळ अंक. तीन अंकांच्या यादीपासून सुरुवात करावी आणि प्रत्येक लांबीच्या दोन याद्या घ्याव्यात. दोन्हींपैकी एक तरी बरोबर आली तर लांबी एकाने वाढवावी, दोन्ही चुकल्या की थांबावे. बरोबर आलेल्या सर्वांत लांब यादीतल्या अंकांची संख्या हे माप. दुसरे, उलट अंक. रीत तीच, पण उत्तर शेवटाकडून द्यायचे. प्रौढ माणसाला सरळ सहा-सात अंक आणि उलट त्याहून एक-दोन कमी जमणे हे सर्वसाधारण आहे. लहान मुलांचा आकडा वयाप्रमाणे कमी असतो, त्याची मोठ्यांशी किंवा भावंडांशी तुलना करू नये.

तिसरे माप नक्कल उतरवण्याचे, आणि ते बहुतेक जण घेतच नाहीत. अनोळखी विषयावरचा सुमारे शंभर शब्दांचा उतारा टेबलाच्या एका टोकाला ठेवावा आणि वही दुसऱ्या टोकाला, म्हणजे पाहण्यासाठी मान वळवावीच लागेल. उतारा उतरवून काढताना आठवलेले संपले की शेवटच्या शब्दापुढे एक तिरकी रेघ ओढावी आणि मगच मान वळवावी. शेवटी रेघा मोजाव्यात. 'पाण्याची पातळी / वाढू लागली की / दरवाजे' अशा नकलेत एका खेपेला दोन-तीनच शब्द पेलले जात आहेत हे त्या रेघाच दाखवून देतात. हे माप महत्त्वाचे, कारण ते सरावाच्या खेळाचे नाही, खऱ्या कामाचे आहे.

पडताळा: तिन्ही मापे दोन वेगळ्या दिवशी घ्यावीत आणि दुसऱ्या दिवसाचे आकडे मूळ नोंद म्हणून धरावेत. पहिल्या दिवशी चाचणीची रीत समजून घेण्यातच काही गुण जातात. ते पहिलेच आकडे धरले, तर पुढे दिसणाऱ्या वाढीतला काही भाग फुकटचा असतो.

## टप्पा २: सरळ याद्या, फक्त पहिल्या आठवड्यापुरत्या

आपल्या सरळ मापापेक्षा एकाने कमी लांबीपासून सुरुवात करावी. एका लांबीच्या तीन याद्या घ्याव्यात. तिन्ही बरोबर आल्या तर एकाने वर, दोन बरोबर आल्या तर तिथेच, एक किंवा शून्य आली तर एकाने खाली. हा नियम पुढच्या बहुतेक टप्प्यांना लागू आहे, त्यामुळे तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. सगळे अंक बरोबर पण दोघांची अदलाबदल झाली असेल, तर ती यादी चूकच समजावी. चुकलेली यादी पुन्हा ऐकून दुरुस्त करण्याचा मोह टाळावा. लगेच दुसऱ्यांदा ऐकलेली यादी ही घोकंपट्टी होते.

याच टप्प्यावर लोक महिनोन्‌महिने रमतात, कारण आकडा वाढताना दिसतो. तो कशामुळे वाढतो हे १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फार स्पष्ट दिसले. एका विद्यार्थ्याने वीस महिन्यांत सुमारे २३० तास सराव करून आपली मर्यादा ७ अंकांवरून ७९ अंकांवर नेली. तो धावपटू होता आणि अंकांचे गट धावण्याच्या वेळा म्हणून लक्षात ठेवत होता. अंकांऐवजी अक्षरे दिल्यावर त्याची मर्यादा पुन्हा सहाच्या आसपास आली. त्याला गट बांधण्याची युक्ती साधली होती, मूळची जागा तेवढीच होती. युक्ती वाईट नाही. सामान लक्षात ठेवायला ती जरूर वापरावी, पण कार्यस्मृतीच्या सरावात ती आली की सराव भलत्याच गोष्टीचा होऊ लागतो.

## टप्पा ३: उलट क्रम आणि क्रम लावणे

दुसऱ्या आठवड्यात सरळ याद्या पूर्ण बंद कराव्यात. ७, २, ९, ४, १ ही यादी ऐकून १, ४, ९, २, ७ असे उत्तर द्यायचे. बरेच जण उत्तराच्या प्रत्येक अंकासाठी यादी मनात पुन्हा सुरुवातीपासून म्हणतात: 'सात दोन नऊ चार एक', म्हणून एक, 'सात दोन नऊ चार', म्हणून चार. चार अंकांपर्यंत हे निभावते, पुढे मात्र प्रत्येक फेरीत वेळ जातो आणि मधले अंक पुसट होतात. काही जण अंक फळ्यावर लिहिल्यासारखे डोळ्यांपुढे आणून उजवीकडून वाचतात. हे अधिक टिकते, पण त्यात फेरफाराचे काम कमी आणि चित्र धरण्याचे काम जास्त होते.

म्हणून आठवड्याच्या मध्यापासून क्रम लावण्याचा व्यायाम घ्यावा, जो या दोन्ही वाटांनी सुटत नाही. अंक आणि अक्षरे मिसळून ऐकायची आणि आधी अंक चढत्या क्रमाने, मग अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने सांगायची. 'म, ४, क, ९' याचे उत्तर '४, ९, क, म'. 'स, ७, ट, २, र' याचे उत्तर '२, ७, ट, र, स'. वर्णमाला अडखळत येत असेल तर अक्षरांऐवजी वारांची नावे घ्यावीत, नाहीतर सगळा जोर वर्णमाला आठवण्यातच जातो.

सावधान: बोटांवर मोजणे, अंक हवेत गिरवणे, ऐकताना वहीवर खुणा करणे यांतले काहीही चालणार नाही. हात टेबलावर सपाट ठेवले की ही सवय लवकर सुटते.

## टप्पा ४: जागेची स्मृती

हा टप्पा तिसऱ्याच्या सोबतच, रोज पाच मिनिटे करावा. नऊ कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर वाकड्यातिकड्या मांडाव्यात, ओळीत नव्हे. सोबत्याने सेकंदाला एक याप्रमाणे काही चिठ्ठ्यांना बोट लावावे आणि आपण त्याच क्रमाने, नंतरच्या दिवसांत उलट क्रमाने, बोट लावून दाखवावे. सुरुवात तीन चिठ्ठ्यांपासून. चिठ्ठ्यांना मनातल्या मनात 'एक, दोन, तीन' अशी नावे दिली की हा पुन्हा शब्दांचाच व्यायाम होतो, म्हणून मांडणी दर दोन दिवसांनी बदलावी.

## टप्पा ५: जुने सोडून नवे धरणे

तिसरा आणि चौथा आठवडा या टप्प्याला द्यावा. धरलेले वेळेवर सोडून देणे हेही कार्यस्मृतीचेच काम आहे आणि बहुतेकांना तेच जड जाते.

आधी सोपा प्रकार. सोबती पाच ते दहा शब्दांची यादी वाचतो, किती शब्द आहेत ते सांगत नाही, आणि कुठेही थांबतो. आपण शेवटचे तीन शब्द सांगायचे. यादी संपेपर्यंत नुसते बसून राहायचे आणि कानात घुमणारे शेवटचे शब्द उचलायचे, अशी पळवाट इथे सहज निघते. ती बंद करण्यासाठी प्रत्येक नव्या शब्दानंतर तेव्हाची तिकडी मोठ्याने म्हणावी. 'दोरी, चाक, ढग' झाले आणि 'खिडकी' आली, की 'चाक, ढग, खिडकी'. 'दोरी' गेली पाहिजे. ती पुढच्या तिकडीत डोकावली तर चूक नोंदवावी.

तीन-चार दिवसांत हे सुरळीत झाले की एन-बॅक सुरू करावा. दर तीन सेकंदांनी एक अक्षर ऐकायचे आणि ते दोन जागा आधीच्या अक्षराशी जुळते का, ते प्रत्येक वेळी 'हो' किंवा 'नाही' म्हणून सांगायचे. 'र, स, र, म, ट, म, म, ट' ही माला घ्या. तिसऱ्या जागेवरच्या 'र' ला 'हो', कारण पहिल्या जागेवर 'र' होता. चौथ्या 'म' ला आणि पाचव्या 'ट' ला 'नाही'. सहाव्या 'म' ला 'हो'. सातवा 'म' येतो तेव्हा जीभ 'हो' म्हणायला धावते, कारण 'म' नुकताच ऐकलेला असतो, पण त्याच्या दोन जागा आधी 'ट' आहे, म्हणून 'नाही'. आठव्या 'ट' लाही 'नाही', कारण तो तीन जागा आधी येऊन गेला होता. सातवे आणि आठवे अक्षर हीच या व्यायामाची खरी परीक्षा आहे. 'हे मघाशी ऐकले होते' एवढ्या ओळखीवर उत्तर देणारा तिथे पकडला जातो. म्हणून माला तयार करताना अशी फसवी अक्षरे मुद्दाम पेरावीत. फोनवरची अनेक तयार ॲप ती पुरेशी पेरत नाहीत.

एका फेरीत २२ अक्षरे घ्यावीत. पहिली दोन सोडून २० उत्तरे होतात, त्यांतली सहाच्या आसपास 'हो' असावीत. सुटलेले 'हो' आणि चुकीने दिलेले 'हो' दोन्ही मोजावेत. फक्त बरोबर आलेले 'हो' मोजले तर सतत 'हो' म्हणणाराही पूर्ण गुण मिळवतो. एकूण चुका तीनपेक्षा कमी असतील तर पुढच्या फेरीत तीन जागा मागचे अक्षर घ्यावे, पाचपेक्षा जास्त असतील तर एक जागा मागचे, मधल्या स्थितीत आहे तिथेच राहावे. आवाज आणि जागा दोन्ही एकदम सांभाळायचा दुहेरी प्रकार या सहा आठवड्यांत घेण्याची गरज नाही. त्याने दमणूक होते आणि नेमके काय चुकते आहे ते कळेनासे होते.

## टप्पा ६: काम करता करता धरणे

पाचव्या आठवड्यात एक गणित, एक शब्द अशी जोडी घ्यावी. सोबती म्हणतो, '८ वजा ३ बरोबर ५?', आपण 'बरोबर' म्हणतो, लगेच तो 'आरसा' हा शब्द देतो. '६ अधिक ७ बरोबर १२?', 'चूक', मग 'पूल'. '९ वजा ५ बरोबर ४?', 'बरोबर', मग 'टोपी'. शेवटी क्रमाने 'आरसा, पूल, टोपी'. सुरुवात दोन जोड्यांनी करावी आणि टप्पा २ मधल्या नियमाने वर-खाली जावे.

पडताळा: गणितांपैकी किमान ८५ टक्के बरोबर असली पाहिजेत. शब्द जपण्यासाठी गणिताकडे अर्धवट लक्ष देणे ही इथली सर्वांत मोठी चूक आहे आणि ती फक्त गणितांच्या नोंदीतूनच उघडी पडते.

वाक्ये वाचून प्रत्येकाचा शेवटचा शब्द लक्षात ठेवण्याचा प्रकारही अनेक ठिकाणी सुचवलेला असतो. मराठीत तो जसाच्या तसा चालत नाही, कारण आपले वाक्य बहुधा क्रियापदावर संपते आणि लक्षात ठेवायला 'आहे, होते, गेले' एवढेच हाती येते. त्याऐवजी प्रत्येक वाक्यातले पहिले नाम धरावे आणि वाक्य अर्थाने बरोबर आहे की नाही हेही सांगावे.

सोबती नसलेल्यांसाठी तोंडी गणित उत्तम. ३६ गुणिले ७: तीस साते दोनशे दहा, ते धरून ठेवायचे, सहा साते बेचाळीस, मग २१० आणि ४२ मिळून २५२. गणित एकदा पाहून कागद उलटा ठेवावा. तो समोर राहिला तर आकडे कागद सांभाळतो आणि आपण फक्त पाढे म्हणतो.

## टप्पा ७: स्वतःच्या कामात सराव

हा टप्पा तिसऱ्या आठवड्यापासूनच रोज पाच मिनिटांनी सुरू करावा आणि सहाव्या आठवड्यात सगळा वेळ त्यालाच द्यावा. काम एकच निवडावे, जिथे आपले सर्वांत जास्त निसटते तेच.

नक्कल उतरवणे निवडले असेल तर आपल्या रेघांवरून एका खेपेला सरासरी किती शब्द पेलतात ते काढावे आणि पुढच्या उताऱ्यात एक शब्द वाढवून घ्यावा. मान वळवण्याआधी तो तुकडा अर्थासह मनात एकदा म्हणावा. सूचना ऐकणे निवडले असेल तर तीन पायऱ्यांची सूचना पूर्ण ऐकावी, काम सुरू करण्याआधी ती आपल्या शब्दांत परत सांगावी, आणि पहिली पायरी संपल्यावर थांबून उरलेल्या दोन मोठ्याने म्हणाव्यात. संभाषण निवडले असेल तर विचारायचा प्रश्न एका शब्दात बांधून ठेवावा, कारण पूर्ण वाक्य धरले की समोरच्याचे ऐकायला जागा उरत नाही. लांब वाक्यांचे वाचन निवडले असेल तर वाक्य संपल्यावर वर न पाहता कर्ता कोण आणि त्याने काय केले ते सांगावे.

सावधान: औषधांचे प्रमाण, पैशांचा व्यवहार, वाहन चालवणे यांत सराव म्हणून काहीही मनात धरू नये. तिथे लिहूनच ठेवावे.

## फेरमोजणी

सहाव्या आठवड्याच्या अखेरीस तिन्ही मापे नव्या याद्या आणि तेवढ्याच अवघड नव्या उताऱ्यावर, त्याच वेळी, नीट झोप झालेल्या दिवशी घ्यावीत. सरळ आणि उलट अंक वाढले आणि नकलेतल्या रेघाही कमी झाल्या, तर टप्पा ६ आणि ७ आठवड्यातून दोनदा चालू ठेवावेत. अंक वाढले पण रेघा तेवढ्याच राहिल्या, तर सुधारणा व्यायामापुरतीच झाली आहे असे समजून टप्पा २ ते ५ बंद करावेत आणि त्यांची सगळी मिनिटे निवडलेल्या कामाला द्यावीत. नकलेऐवजी दुसरे काम निवडले असेल तर त्याचीही अशीच मोजता येणारी खूण पहिल्याच आठवड्यात ठरवून नोंदलेली असावी, उदाहरणार्थ दिवसातून किती वेळा 'काय म्हणालात?' असे विचारावे लागले. दोन्ही आकडे जागचे हलले नसतील, तर नोंदवहीत दोन गोष्टी तपासाव्यात: सराव झालेल्या दिवसांची झोप कशी होती, आणि पातळी वर-खाली करण्याचा नियम खरोखर पाळला होता का. बहुतेक वह्यांत पातळी दोन आठवडे एकाच जागी थांबलेली सापडते.